माउस हलवला की कुरकुर: साउंड कार्ड निवडताना ठेवलेल्या नोंदी

साउंड कार्ड घेणं म्हणजे एका संध्याकाळचं काम, असं समजून सुरुवात केली होती. सहा आठवडे गेले. याच वाटेने निघालेल्या कोणाचे निदान तेच तेच खड्डे चुकावेत, म्हणून तारखांसकट लिहून ठेवलं आहे. माझा वापर असा: रात्री नेमबाजीचे ऑनलाइन गेम, सुट्टीच्या दिवशी मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायचं, पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवणं, आणि अधूनमधून ताईचं गाणं रेकॉर्ड करणं. मशीनवर विंडोज, ग्राफिक्स कार्ड धिप्पाड, आवाजाची चिप मदरबोर्डावरचीच.

४ जानेवारी

तक्रारी कागदावर मांडल्या. एक, हेडफोन लावून शांत बसलं की कानात कुरकुर येते, आणि माउस हलवला की ती कुरकुर माउसच्या तालावर नाचते. दोन, कीबोर्डची पट्टी दाबली की सूर मागाहून येतो. संथ आलाप ठीक, जलद काही वाजवायला घेतलं की हात अडखळतात. तीन, गेममध्ये शत्रूची पावलं डावीकडे की उजवीकडे ते कळतं, पण पुढे की मागे ते कळत नाही, आणि मी मरतो.

निष्कर्ष त्याच कागदावर खाली लिहिला: "चांगलं साउंड कार्ड घेणे." तिन्ही दुखणी एकाच रोगाची आहेत, हे मी कशावरून ठरवलं होतं कोण जाणे. हा कागद अजून जपून ठेवलाय.

५ जानेवारी

खरेदीआधी कुरकुरीचा माग काढायचं ठरवलं. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावला. कुरकुर निम्म्याहून कमी! दोन वर्षं पुढचा जॅक वापरत होतो, मागे वाकायचा कंटाळा म्हणून.

कॅबिनेट उघडलं तर कारण समोरच लोंबत होतं. पुढच्या जॅकची वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर बसते, आणि ती तिथपर्यंत ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून, पॉवरच्या जाड वायरींना मिठी मारून गेली होती. ती सोडवून तळाच्या कडेने फिरवली, दोन ठिकाणी पट्ट्यांनी बांधली. या कामाला वीस मिनिटं लागली. आत पडलेला स्क्रू शोधायला चाळीस.

पुढच्या जॅकवरही फरक पडला, पण माउसचा नाच पूर्ण थांबला नाही. मग विंडोजमध्ये आवाजाच्या सेटिंगांत प्लेबॅक डिव्हाइसच्या 'लेव्हल्स'मध्ये गेलो. तिथे माइक आणि लाइन-इन हे दोन्ही पट्टे चालू, म्हणजे रिकाम्या माइक जॅकवर जमा होणारा सगळा कचरा थेट माझ्या कानात ओतला जात होता. दोन्ही म्यूट केले. माउस हलवला, काही नाही. पुन्हा हलवला. काही नाही. उगाच दोन-तीन मिनिटं माउस गोल गोल फिरवत बसलो.

आजचा खर्च शून्य. आवाज मोठा केला की एक बारीक 'हिस्स' अजून येतो, आणि गेम चालू असताना त्यात काहीतरी किणकिणतं. ते मोजूनच बघायला हवं. कानावर भरवसा ठेवला तर रोज नवीन निकाल लागेल.

७ जानेवारी

मोजायला राइटमार्क ऑडिओ अ‍ॅनालायझर घेतलं. पद्धत साधी: दोन्ही टोकांना ३.५ मिमीची पिन असलेली वायर घ्यायची, एक टोक लाइन-आउटमध्ये, दुसरं लाइन-इनमध्ये, आणि कार्डाने स्वतःच वाजवलेलं स्वतःच ऐकायचं. यात दोन्ही बाजूंच्या चुकांची बेरीज मोजली जाते, पण दोन कार्डांची तुलना करायला तेवढं पुरतं.

आकडा म्हणजे गोंगाटाची पातळी, जितकी जास्त उणे तितकी चांगली. पहिला आकडा आला उणे ३८ डेसिबल. इतका वाईट की जुन्या टेपरेकॉर्डरलाही लाज वाटावी. संध्याकाळभर ड्रायव्हर काढले, घातले. रात्री टॉर्च मारून मागे पाहिलं तर वायर गुलाबी जॅकमध्ये, म्हणजे माइकमध्ये होती, आणि वर माइक बूस्ट २० डेसिबलवर. निळा जॅक शेजारीच होता. वायर बदलली, 'एन्हान्समेंट' नावाची सगळी सजावट बंद केली. आता उणे ८४. गेम मागे चालू ठेवून मोजलं तर उणे ७२. म्हणजे ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं की बारा डेसिबलची घाण आवाजात मिसळते. किणकिण भ्रम नव्हता.

वाया गेलेला वेळ: साडेतीन तास, एका जॅकच्या रंगापायी.

११ जानेवारी

ज्याच्याबरोबर खेळतो त्या मित्राचा सल्ला: "गेमसाठी ईएएक्सवालं कार्ड घे, पावलं अचूक कळतात." ईएएक्स म्हणजे साउंड ब्लास्टर कार्डांवरचं त्रिमितीय आवाजाचं तंत्र. मित्राचा सल्ला साधारण वीस वर्षं शिळा आहे. एके काळी तो अगदी बरोबर होता. १९८९ साली साउंड ब्लास्टर आलं तेव्हा कार्ड नसेल तर कॉम्प्युटरला टिकटिकणाऱ्या स्पीकरपलीकडे आवाजच नव्हता, आणि नव्वदीच्या अखेरीस तर त्रिमितीय आवाजाचं गणितही कार्डावरच व्हायचं. पण विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडचा, म्हणजे गेमचा आवाज कार्डाकडे नेणाऱ्या विंडोजच्या भागाचा, हार्डवेअरपर्यंतचा रस्ताच काढून टाकला. तेव्हापासून गेम हे गणित सीपीयूवर स्वतःच करतो आणि कार्डाच्या हातात तयार मिश्रण देतो. जुन्या गेमना तो रस्ता पुन्हा मिळवून देण्यासाठी अल्केमी नावाचं सॉफ्टवेअर काढावं लागलं, ते उगाच नाही.

तरी कुतूहल म्हणून कपाटातलं १९९८ च्या पिढीचं साउंड ब्लास्टर लाइव्ह शोधून काढलं. बोर्डावर पीसीआयचा स्लॉटच नाही, सगळे पीसीआय-एक्सप्रेस. कार्ड पुन्हा कपाटात. धूळ मात्र पुसून ठेवली.

१२ जानेवारी

मित्राकडचं आत बसवायचं पीसीआय-एक्सप्रेस साउंड कार्ड आठवड्यासाठी मागून आणलं. लहान एक्स-वन पिनांचं कार्ड. माझ्या बोर्डावर एक्स-वनचा एकच स्लॉट, आणि तो ग्राफिक्स कार्डाच्या कूलरखाली पूर्ण गाडला गेलेला. लहान कार्ड लांब स्लॉटमध्ये चालतं, त्यामुळे सगळ्यात खालच्या लांब स्लॉटमध्ये बसवलं. पॉवरची वेगळी वायर लागते हे कार्ड बसवल्यावर दिसलं, म्हणून पुन्हा काढलं, वायर ओढली, पुन्हा बसवलं.

मशीन सुरू झालं. साउंड कार्ड दिसलं. गेमची ड्राइव्ह गायब.

इथे माझं काळीज थोडं हललं. बायोसमध्येही दुसरी एसएसडी नाही. काढून घातली, नाही. एसएसडी मेली असं समजून बॅकअपचा हिशेब करत बसलो. दोन तासांनी मदरबोर्डाच्या मॅन्युअलमध्ये, स्लॉटच्या तक्त्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात वाक्य सापडलं: खालचा लांब स्लॉट आणि दुसरा एम-डॉट-टू स्लॉट (एसएसडी बसते तो) यांच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, एकच आहेत, एकात काही बसवलं तर दुसरा बंद. कार्ड काढलं, ड्राइव्ह जिवंत.

आत बसवायचं कार्ड घेणाऱ्यांनी आधी हे वाक्य आपल्या मॅन्युअलमध्ये आहे का ते बघावं. कोणाच्या बोर्डावर एम-डॉट-टू जातं, कोणाच्या बोर्डावर साटाचे (ड्राइव्ह वायरीने जोडायचे) पोर्ट जातात. चाचणीपुरती मी एसएसडी बाजूला ठेवली आणि एकच गेम मुख्य ड्राइव्हवर उतरवला.

१३ जानेवारी

मोजमाप. पहिला आकडा उणे ९५, गेम बंद असो की चालू, तसाच. इतकी स्थिरता संशयास्पद वाटली, आणि संशय खरा निघाला: चाचणी १६ बिटवर राहिली होती (बिट म्हणजे आवाज नोंदवायची बारकाई). एका बिटला सहा डेसिबल धरले तर सोळा बिटांत ९६ च्या पलीकडे जाताच येत नाही. मी कार्ड नव्हे, फुटपट्टीचं टोक मोजत होतो. २४ बिटवर: रिकामं असताना उणे ९८, गेम चालू असताना उणे ८९.

बोर्डावरच्या चिपपेक्षा कितीतरी चांगलं, पण नऊ डेसिबलचा फरक सांगतो की हे कार्डही ग्राफिक्स कार्डाच्या शेजारी बसून त्याचं बोलणं ऐकतंय. गेमच्या मेनूत सेकंदाला फ्रेम (पडद्यावरची चित्रं) सहाशेवर गेल्या की बारीक शिट्टी यायची. हेडफोन काढून कान कॅबिनेटला लावला तरी शिट्टी होतीच, म्हणजे तिचा एक भाग ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलमधून हवेतूनच येत होता, साउंड कार्डाचा त्यात दोष नाही. फ्रेमवर १४४ ची मर्यादा घातली, दोन्ही शिट्ट्या जवळजवळ बंद. ही मर्यादा आधीच घातली असती तर बोर्डावरच्या चिपचाही आकडा सुधारला असता का? उद्या बघतो.

(१४ जानेवारीची भर: सुधारला. उणे ७२ वरून उणे ७८.)

१५ जानेवारी

पावलांची चाचणी. मित्राला खासगी सामन्यात बोलावलं, मी डोळे मिटून बसायचं, तो माझ्याभोवती कुठेतरी चालणार, मी दिशा सांगायची: पुढे, मागे, डावी, उजवी. प्रत्येक मांडणीला वीस फेऱ्या. वीस फेऱ्या म्हणजे फार नाहीत, पण नवव्या फेरीलाच मित्र वैतागला होता.

नुसतं स्टिरिओ: ११ बरोबर. चुका सगळ्या पुढे-मागेच्या. गेमच्या सेटिंगमधलं एचआरटीएफ (कान-डोक्याच्या आकाराप्रमाणे आवाज बदलून दिशा दाखवणारी सोय) चालू, बाकी सगळं बंद: १६. साउंड कार्डाच्या सॉफ्टवेअरमधलं 'व्हर्च्युअल ७.१' चालू, गेमचं बंद: १०, म्हणजे साध्या स्टिरिओपेक्षाही वाईट. मग लक्षात आलं की विंडोजमध्ये स्पीकरची मांडणी स्टिरिओच राहिली होती. गेम दोनच वाहिन्या देत होता आणि कार्ड त्या दोन वाहिन्यांना आठ असल्याचं सोंग आणत होतं. मांडणी ७.१ केली: १४. आणि शेवटी दोन्ही एकदम चालू: ८. पावलं बाथरूममधून आल्यासारखी. मित्र हसत होता, कारण मी दोनदा त्याच्याकडे पाठ करून "समोर" म्हटलं.

म्हणजे तिसऱ्या तक्रारीचं औषध गेमच्या सेटिंगमध्ये फुकट पडलं होतं. कान आणि डोकं यांच्या आकारामुळे आवाजात होणारे बदल गेमला त्रिमितीय जागा ठाऊक असतानाच नीट लावता येतात. कार्डाला मिळतं ते उरलंसुरलं. खोक्यावरच्या '७.१ गेमिंग' या शब्दांचं वजन माझ्यासाठी आज संपलं.

१८ जानेवारी

आता कीबोर्ड. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाची चिप साध्या ड्रायव्हरवर होती. उशीर मोजायची युक्ती: सॉफ्टवेअरमधून एक 'टक' बाहेर पाठवायची, वायरने परत आत घ्यायची, आणि दोन टकांमधलं अंतर सॅम्पलमध्ये (सेकंदाला हजारोंनी घेतलेले आवाजाचे नमुने) मोजायचं. सॉफ्टवेअर स्वतः जो आकडा दाखवतं तो आशावादी असतो.

साध्या ड्रायव्हरवर आवाज जाऊन परत यायला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास. आवाज हवेत एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे मी जणू पन्नास मीटरवरच्या पेटीची पट्टी दाबत होतो. वासापीच्या (विंडोजच्या स्वतःच्या ऑडिओ मार्गाच्या) एक्सक्लुसिव्ह मोडमध्ये उशीर बराच खाली आला, पण मग ब्राउझर, गेम, सगळ्यांचे आवाज बंद. एएसआयओ-फोर-ऑल (एएसआयओ हा कमी उशिराच्या ड्रायव्हरचा प्रकार, हे त्याचं कुठल्याही कार्डावर चालणारं रूप) घालून बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायच्या सॅम्पलची संख्या, २५६ वर आणला: ४८,००० च्या दराने १,१४८ सॅम्पल, म्हणजे २३.९ मिलिसेकंद. हे वाजवण्याजोगं आहे. पण बफर १२८ केला की तडतड.

मागून आणलेल्या कार्डावरही १२८ ला तडतडच. दोन वेगळी हार्डवेअर, तडतड एक, तर दोष तिसऱ्याचा. लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर सीपीयू अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून चहा होईपर्यंत सोडलं. परत आलो तेव्हा सगळ्यात लांब लाल पट्टी होती वाय-फायच्या ड्रायव्हरची. तो मधूनच सीपीयू अडवून बसायचा, आणि तेवढ्यात बफर रिकामा. वाय-फाय बंद करून नेटवर्कची वायर लावली. तडतड ऐंशी टक्के गेली. विंडोजचा पॉवर प्लॅन बदलल्यावर उरलेलीतलीही बरीच.

या टप्प्यावर प्रामाणिकपणे सांगायचं तर एकही वस्तू विकत न घेता तिन्ही तक्रारी अर्ध्याहून जास्त मिटल्या होत्या. नुसता गेम खेळणारा मी असतो तर इथेच थांबलो असतो. पण ताईसाठी माइक लावायचा होता. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) लागतो, तो ना बोर्डावरच्या गुलाबी जॅकमध्ये मिळतो, ना त्या गेमिंग कार्डात. शिवाय माझे संगीतासाठीचे हेडफोन २५० ओमचे, म्हणजे वाजवायला जोर लागणारे. बोर्डावर आवाज शंभर टक्क्यांवर नेला तरी ते कुजबुजतात.

मित्राचं कार्ड परत केलं. कळतंय ते असं की त्याच्या मशीनमध्ये ते उत्तम चालतं, कारण त्याचं ग्राफिक्स कार्ड लहान आणि साउंड कार्डाचा स्लॉट त्यापासून दूर.

२५ जानेवारी

आठवडा निवडीत गेला. ठरलं: बाहेरचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे कॅबिनेटबाहेर राहणारं, यूएसबीने जोडायचं साउंड कार्ड. पाहिलेल्या गोष्टी: कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, फॅन्टम असलेले दोन माइक इनपुट, मागे बॅलन्स्ड (वायरीत शिरलेला गोंगाट रद्द करणारं) आउटपुट, आणि २५० ओम पेलणारा हेडफोन अ‍ॅम्प. १९२ किलोहर्ट्झ, रंगीत दिवे, ७.१ यांच्याकडे पाहिलंच नाही. सीडी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर इतकी वर्षं सुखाने वाजते आहे.

जुना घेतला, नव्याच्या निम्म्या किमतीत, आणि तिथेच पाय घसरला. त्या मॉडेलचा एएसआयओ ड्रायव्हर विंडोजच्या जुन्या आवृत्तीवरच थांबलेला. विंडोजच्या अंगच्या यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरवर आवाज येत होता, पण कमी बफर नाही, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच नाही. विकणारा भला, परत घेतला; जाण्यायेण्यात दोन संध्याकाळी गेल्या. जुना इंटरफेस घ्यायचा तर आधी ड्रायव्हरच्या पानावर आपल्या विंडोजची आवृत्ती आहे का ते बघा, मग वस्तू बघा.

दुसऱ्यांदा नवाच घेतला.

३० जानेवारी

इंटरफेस लावला, हेडफोन लावले, शांतता. मोजमाप उणे १०१, गेम चालू असो वा बंद. बफर १२८ वर ४४६ सॅम्पल, ९.३ मिलिसेकंद. तीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरइतका उशीर. कीबोर्डवर रात्री दीडपर्यंत बसलो, या नोंदीत आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

१ फेब्रुवारी

आनंद दोन दिवस टिकला. आज स्पीकर इंटरफेसला जोडले आणि 'हूंऽऽ' असा गुणगुणाट, वर माउसची कुरकुर परत! तीच, माउसच्या तालावर नाचणारी. हेडफोनमध्ये मात्र काही नाही.

लॅपटॉप बॅटरीवर ठेवून त्याला इंटरफेस लावला: शांत. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर लावला: गुणगुणाट. म्हणजे ग्राउंड लूप. कॉम्प्युटरला भिंतीतून अर्थिंग, स्पीकरला भिंतीतून अर्थिंग, आणि दोघांना यूएसबी व ऑडिओच्या वायरींनी पुन्हा जोडलेलं. हे वर्तुळ पूर्ण झालं की त्यातून फिरणारा करंट सिग्नलमध्ये मिसळतो.

सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतलं: गुणगुणाट उतरला, कुरकुर जागेवर. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय सांगणारे भेटतील, ते अजिबात करू नका. अर्थिंग आवाजासाठी नसते, जिवासाठी असते.

खरा उपाय बॅलन्स्ड वायर. त्या आणल्या, लावल्या, काही फरक नाही. दोन तास स्पीकरला दोष दिला. मग वायरची पिन दिव्याखाली धरली. टोकाजवळ काळी वर्तुळं मोजायची असतात: एक असेल तर साधी मोनो, दोन असतील तर बॅलन्स्ड. माझ्या पिनेवर एकच. पाकिटावर 'प्रोफेशनल' मात्र ठळक लिहिलेलं. दोन वर्तुळांच्या वायरी आणल्या, आणि स्पीकर गप्प झाले ते झालेच. चुकीच्या दोन वायरी कोणाला हव्या असतील तर आहेत.

२ फेब्रुवारी

दर दहा-पंधरा मिनिटांनी एक 'टप्प'. इंटरफेस यूएसबी हबवर होता. मागच्या पोर्टला थेट लावला आणि विंडोजची यूएसबी झोपवण्याची सेटिंग बंद केली. गेलं.

८ फेब्रुवारी

गेमिंग हेडसेट. त्याची एकच पिन, तीन वर्तुळांची, आवाज आणि माइक एकत्र. इंटरफेसच्या हेडफोन जॅकमध्ये कन्व्हर्टर लावून आवाज आला, माइक अर्थातच नाही. इंटरफेसचा माइक इनपुट एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा जाड गोल जॅक. हेडसेटच्या इवल्याशा माइकला हवेत जेमतेम दोन-तीन व्होल्ट, आणि इथे आहेत ४८. ते जुळवायच्या भानगडीत पडलो नाही. दोन फाटे फोडणारी वायर घेतली: आवाजाचा फाटा इंटरफेसला, माइकचा फाटा मदरबोर्डाच्या गुलाबी जॅकला. विंडोजमध्ये ऐकायचं उपकरण एक आणि बोलायचं दुसरं, हे बिनतक्रार चालतं. बोर्डाची चिप बंद करून टाकणार होतो, बरं झालं केली नाही.

मधल्या काळात मित्राशी कंडेन्सर माइकवरून बोलून पाहिलं होतं. त्याला माझा आवाज फक्त डाव्या कानात येत होता, कारण इंटरफेसचे दोन इनपुट विंडोजला एका स्टिरिओ जोडीसारखे दिसतात आणि माइक पहिल्यावर होता. त्याहून वाईट म्हणजे त्याला माझ्या कीबोर्डची बटणं, कॅबिनेटचा पंखा आणि शेजारच्या खोलीतलं बोलणं, सगळं ऐकू येत होतं. गेमसाठी हेडसेटचा स्वस्त माइकच बरा.

९ फेब्रुवारी

ताई गायला आली. माइक तोंडापासून वीतभर, गेन (माइकचा आवाज वाढवायचं प्रमाण) असा की जोरात गायलं तरी पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. साथीचा ट्रॅक तिच्या कानात.

पहिल्याच ओळीला थांबली. "अरे, हे आज वर लागतंय."

मी म्हटलं, घसा बसला असेल. तिने पाणी प्यायलं, पुन्हा गायली, नाराजीनेच. तीन टेक झाले. "लयही पळतेय," असं जाता जाता म्हणाली. मी मान हलवली आणि लक्ष दिलं नाही.

रात्री फाइल मोबाइलवर पाठवली. तिचा फोन: "ही मी नाहीच. ही कोणीतरी माझी आत्या आहे." ऐकलं तर खरंच आवाज जाड, जड, शब्द ओढल्यासारखे. साथ मात्र नेहमीच्या पट्टीत.

कारण सापडायला एक वाजला. गेमचा लाँचर मागे चालू होता आणि त्याने इंटरफेस ४८ किलोहर्ट्झवर धरून ठेवला होता. रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट ४४.१ चा. सॉफ्टवेअर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल समजत होतं, कार्ड ४८,००० घेत-देत होतं. त्यामुळे ताईच्या कानात साथ जवळपास दीड पट्टी वर आणि जलद वाजली, ती बिचारी तशीच गायली, आणि मोबाइलवर सगळं खऱ्या दराने वाजल्यावर साथ जागेवर आली आणि तिचा आवाज दीड पट्टी खाली घसरला. घसा ठीक होता. कान तर माझ्यापेक्षा कितीतरी ठीक. कपाटातल्या त्या जुन्या कार्डाची चिप आतून ४८ किलोहर्ट्झवरच चालायची आणि संगीतवाले तिच्या नावाने बोटं मोडायचे, ते आठवलं.

आता विंडोज, इंटरफेसचं पॅनल आणि रेकॉर्डिंगचा नेहमीचा टेम्प्लेट, तिन्हीकडे ४८. गेमही ४८ वरच चालतात, त्यामुळे कोणी कोणाला ओढत नाही.

१५ फेब्रुवारी

हिशेब. चाचण्या, खोलखाल आणि चुका मिळून मोजलेले तास एकोणचाळीस. त्यात उपयोगाचे फार तर बारा. इंटरफेसच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश रक्कम वायरी, फाटा, कन्व्हर्टर आणि माइकचा स्टँड यांत गेली, आणि खरेदीच्या हिशेबात यातलं काहीच धरलेलं नव्हतं.

आजची मांडणी: गेमला हेडसेट, आवाज इंटरफेसमधून, माइक बोर्डाच्या चिपवर, गेमचं स्वतःचं एचआरटीएफ चालू आणि बाकी सगळी जादू बंद. खेळताना बफर ५१२, कारण तिथे तडतड नको आणि पाच-दहा मिलिसेकंदांनी माझं मरण टळत नाही. वाजवताना १२८. फ्रेमची मर्यादा तशीच ठेवली आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही: मशीन झोपेतून उठलं की कधीकधी इंटरफेस हेडफोनमध्ये खरखरतो आणि यूएसबी काढून लावली की सुधारतो. फर्मवेअर नवीन केलं, पोर्ट बदलला, तरी चारातून एकदा होतंच. सध्या मशीन झोपवणं बंद केलंय.

ताई उद्या पुन्हा येतेय. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, त्यावर दोन ओळी: "४८?" आणि खाली "लाँचर बंद?"